रानचिमणी

रानचिमणी : पक्षिवर्गाच्या पॅसरिफॉर्मीस गणातील पॅसरिडी कुलातला, घरचिमणीचा निकटचा आप्त असलेला एक लहान पक्षी. शास्त्रीय नाव जिम्नोरिस झँथोकॉलिस. गळ्यावरील पिवळ्या ठिपक्यामुळे तिला पीतकंठी चिमणी असेही म्हणतात. आग्नेय तुर्कस्तान, इराक, इराण व इराणी आखाताभोवतालचा प्रदेश येथपासून पाकिस्तान व भारत येथपर्यंत तिचा प्रसार आहे. भारतात ती बहुतेक कोरड्या व विरळ झाडीच्या भागांत राहते. महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील माळराने, काटेरी झुडपांचे डोंगरउतार, शेतांच्या बांधांवरील जुनी झाडे आणि शुष्क पानझडी जंगलांच्या कडा ही तिच्या वस्तीची नमुनेदार ठिकाणे होत. याच जिल्ह्यांत घरचिमणीही सर्वत्र आहे. इतक्या जवळच्या नात्यातील या दोन जाती एकाच भूप्रदेशात शेजारी शेजारी कशा राहतात आणि त्या भूप्रदेशात होणारे बदल दोघींना वेगवेगळ्या रीतीने कसे जाणवतात, हे समजण्यासाठी त्यांचा विचार एकत्र करणे आवश्यक ठरते.

वर्गीकरण व आप्तसंबंध : चिमण्यांचा समावेश पूर्वी सुगरणींच्या प्लोसिइडी कुलात करीत. सलीम अली व एस. डिलन रिप्ली यांच्या भारतीय पक्ष्यांवरील दशखंडात्मक ग्रंथातही (१९६८–७४) हीच मांडणी स्वीकारलेली आहे. पुढे शरीररचना व आनुवंशिक द्रव्य यांच्या अभ्यासावरून चिमण्यांचे पॅसरिडी हे कुल स्वतंत्र मानण्यात येऊ लागले. या कुलातील पक्ष्यांच्या जिभेत एक जादा हाड असते. बी चोचीत धरून तिचे टरफल काढताना जिभेला ताठपणा देण्याचे काम हे हाड करते. इतर बीभक्षक पक्ष्यांत ते आढळत नाही, म्हणून चिमण्यांच्या स्वतंत्र कुलाचे ते एक महत्त्वाचे लक्षण समजले जाते.

घरचिमणी (पॅसर डोमेस्टिकस) हिचे शास्त्रीय वर्णन कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये केले. रानचिमणीचे वर्णन बर्टन यांनी १८३८ मध्ये केले. जिम्नोरिस हे नाव ‘उघड्या नाकपुड्या’ व झँथोकॉलिस हे ‘पिवळा गळा’ या अर्थांच्या शब्दांवरून बनले आहे. रानचिमणीला काही काळ पेट्रोनिया या प्रजातीत घालण्यात आले होते. आता ती जिम्नोरिस या प्रजातीत गणली जाते. या प्रजातीत चार जाती असून उरलेल्या तिन्ही आफ्रिकेतील विरळ झाडीच्या गवताळ प्रदेशांत राहतात. म्हणजे रानचिमणी ही आशियातील एकमेव जिम्नोरिस होय. तिच्या प्रजातीच्या सर्वच जातींना उघडा, कोरडा व मधूनमधून झाडे असलेला प्रदेश मानवतो, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

भारतात या कुलातील आणखी काही जाती आहेत, पण त्यांची क्षेत्रे वेगळी आहेत. सिंध चिमणी ही सिंधू नदीच्या खोऱ्यात व लगतच्या वायव्य भारतात, तर स्पॅनिश चिमणी हिवाळ्यात वायव्य भारतात आढळते. तांबूस रंगाची डोंगरी चिमणी हिमालयात राहते. वृक्षचिमणी (पॅसर माँटॅनस) ईशान्य भारत, पूर्व हिमालय व पूर्व घाटाचा काही भाग येथे आढळते. मराठवाड्यात खऱ्या अर्थाने चिमण्या म्हणता येतील अशा जाती दोनच, घरचिमणी व रानचिमणी.

अधिवास : नांदेड व लातूर हे जिल्हे दख्खनच्या पठारावर असून त्यांचा बहुतेक भाग बेसाल्टी खडकाचा व काळ्या जमिनीचा आहे. नांदेड जिल्ह्यातून गोदावरी, तर लातूर जिल्ह्यातून मांजरा व तेरणा या नद्या वाहतात. बालाघाट डोंगराच्या रांगा लातूर जिल्ह्यातून नांदेडच्या कंधार व मुखेड भागांकडे जातात. पाऊस मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या काळात पडतो. लातूरच्या बाजूस तो कमी व अनिश्चित असून ईशान्येस किनवट व माहूरकडे जावे तसा वाढत जातो. उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते.

डोंगरांच्या माथ्यांवर व उतारांवर मातीचा थर पातळ असतो. तेथे कुसळीसारखी गवते आणि हिवर, बाभूळ, खैर, बोर, बोराटी, तरवड, सीताफळ, पळस यांसारखी झाडेझुडपे वाढतात. अशा जमिनीला स्थानिक बोलीत माळ किंवा बरड म्हणतात. नांदेड जिल्ह्यातील बरेचसे वनक्षेत्र किनवट-माहूरच्या सागवानी टापूत आहे. लातूर जिल्ह्यात वनाच्छादन एकूण क्षेत्राच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. त्यामुळे लातूरच्या भागात रानचिमणीला आधार असतो तो जंगलाचा नसून माळावरील व बांधावरील सुट्या झाडांचा.

शरीररचना व ओळख : घरचिमणीची लांबी सु. १५ सेंमी. असते. नराचे डोके वरून राखी, मानेच्या बाजू तांबूस तपकिरी, गाल पांढुरके आणि गळा व छातीचा वरचा भाग काळा असतो. मादी मळकट तपकिरी असून तिच्या पाठीवर गडद रेघा व डोळ्यामागे फिकट पट्टा असतो. दोघांचीही चोच आखूड, जाड व शंकूच्या आकाराची असते.

रानचिमणी किंचित लहान व सडपातळ असते. तिची लांबी १३-१४ सेंमी. भरते. तिच्या अंगावर रेघा मुळीच नसतात, हे ओळखण्याचे पहिले लक्षण. वरचा भाग एकसारखा राखट तपकिरी व खालचा भाग मळकट पांढरा असतो. पंखांवर दोन पांढरे पट्टे असतात व त्यांपैकी वरचा अधिक ठळक असतो. नराच्या खांद्यावर तांबूस रंगाचा डाग व गळ्यावर फिकट पिवळा ठिपका असतो. मादीत हे दोन्ही रंग अगदी फिके असतात, त्यामुळे दुरून गळ्याचा पिवळेपणा पुष्कळदा दिसतही नाही. चोच घरचिमणीच्या चोचीपेक्षा बारीक व लांबट असते. विणीच्या काळात नराची चोच काळी होते, एरवी ती तपकिरी असते.

बसण्याची जागा व आवाज यांवरूनही ओळख पटते. घरचिमणी अंगणात, रस्त्यावर, कौलांवर सहज वावरते. रानचिमणी जमिनीवर उतरते, परंतु तिचा बराच वेळ झाडांवर जातो. उंच वाळक्या फांदीच्या शेंड्यावर किंवा तारेवर बसून ती चिवचिवते. तिचा चिवचिवाट घरचिमणीसारखाच असला, तरी अधिक मंजूळ असतो. तिची उडण्याची रीत हेलकावे घेणारी आहे.

चिमणीसारखे दिसणारे इतर पक्षी : माळावर हिंडणाऱ्याला चिमणीएवढे मळकट तपकिरी पक्षी अनेक दिसतात व त्या सर्वांना चिमणी म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांपैकी बहुतेकांचे चिमण्यांशी जवळचे नाते नाही. डोंबारी (एरेमॉप्टेरिक्स ग्रीसियस) हा चंडोलांच्या कुलातला पक्षी आहे. तो जमिनीवरच राहतो व घरटेही जमिनीवर करतो. विणीच्या काळात नर हवेत उंच जातो आणि पंख मिटून सूर मारत खाली येतो. या कसरतीवरून त्याला हे नाव मिळाले. नराचा खालचा भाग काळा असतो व गाल पांढरे असतात [⟶ चंडोल]. काळ्या डोक्याचा व लाल डोक्याचा हे दोन भारीट पश्चिम व मध्य आशियाकडून हिवाळ्यात येतात आणि ज्वारीच्या पिकावर थव्याने उतरतात. ते चिमणीपेक्षा मोठे असून अंगावर पिवळा रंग असतो. सुगरणीची मादी घरचिमणीच्या मादीसारखी रेघारेघांची असते, पण तिची चोच अधिक जाड व शेपटी आखूड असते [⟶ सुगरण]. चंदेरी चोचीची मुनिया चिमणीहून लहान असते आणि तिची शेपटी काळी व टोकदार असते.

आहार : दोन्ही चिमण्या धान्य, गवताचे बी व कीटक खातात, परंतु या घटकांचे प्रमाण दोघींत सारखे नसते. घरचिमणीचा भर धान्यावर व माणसाच्या खाद्यपदार्थांच्या उष्ट्या-सांडलेल्या भागावर असतो. रानचिमणी गवताचे बी, किडे, अळ्या व बोरीसारखी लहान फळे खाते. याशिवाय ती फुलांतील मधही घेते. तिच्या बारीक चोचीचा या कामी उपयोग होतो. मध घेताना कपाळाला पराग चिकटून तो दुसऱ्या फुलांपर्यंत जातो, म्हणून फुलांच्या परागणात मदत करणाऱ्या पक्ष्यांत तिची गणना होते. उन्हाळ्याच्या आरंभी, माळावर गवताचे बी संपत आलेले असताना, फुललेली झाडे हा तिचा मोठा आधार असतो.

पिलांचा आहार दोन्ही जातींत वेगळा असतो. प्रौढ पक्षी मुख्यत्वे बी खाणारे असले, तरी अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिलांना ते मऊ अळ्या व किडे भरवितात. पिलांच्या वाढीस लागणारी प्रथिने केवळ धान्यातून मिळत नाहीत. त्यामुळे एखाद्या गावात धान्य मुबलक असूनही किडे नसतील, तर चिमण्यांची संख्या टिकत नाही.

वर्तन : रानचिमण्या विणीचा काळ सोडून लहान-मोठ्या थव्यांनी हिंडतात. रात्री अनेक चिमण्या काटेरी झुडपांत किंवा दाट पानांच्या झाडांत एकत्र बसतात. काट्यांमुळे मांजर, मुंगूस व रात्री हिंडणारे पक्षी यांपासून त्यांना संरक्षण मिळते. प्रसारक्षेत्राच्या पश्चिम भागातील रानचिमण्या हिवाळ्यात वायव्य भारताकडे स्थलांतर करतात. द्वीपकल्पातील रानचिमण्या कायमच्या रहिवासी असल्या, तरी पाणी व खाद्य यांच्या शोधात त्या ऋतूप्रमाणे जागा बदलतात. एखाद्या माळावर काही महिने त्या अजिबात न दिसणे व पुढे पुन्हा दिसू लागणे यात म्हणूनच नवल नाही.

प्रजनन : घरचिमणी वर्षाच्या बहुतेक काळात घरटे करू शकते आणि वर्षातून अनेक वेळा पिलांचे संगोपन करते. रानचिमणीचा विणीचा हंगाम मात्र एप्रिल ते जुलै एवढाच असतो. वैशाखाच्या उन्हात तिचे घरटे सुरू होते आणि पावसाच्या पहिल्या सरींनंतर अळ्या व किडे वाढू लागतात, त्या सुमारास अनेक घरट्यांत पिले असतात.

घरटे ढोलीत असते. बाभूळ, हिवर, कडुलिंब, आंबा यांसारख्या झाडांच्या कुजलेल्या फांदीतील पोकळी किंवा सुतार व तांबट या पक्ष्यांनी कोरून सोडून दिलेली भोके ती वापरते. स्वतः लाकूड कोरण्याची ताकद तिच्या चोचीत नसते. ढोलीच्या तळाशी गवत, केस, पिसे यांचा साधा थर असतो. कधी तोही नसतो. अंडी ३-४ असतात. ती हिरवट पांढरी असून त्यांवर मळकट तपकिरी ठिपके व रेषा दाटीने असतात. अंडी मादी एकटीच उबविते व त्यांस सु. १४ दिवस लागतात. झाड न मिळाल्यास विजेच्या खांबांच्या पोकळ आडव्या दांड्यांतही रानचिमणी घरटे करते.

रानचिमणीच्या घरट्याची साखळी येथे स्पष्ट होते. मराठवाड्यात सर्वत्र आढळणाऱ्या मराठा सुतार पक्ष्याचे शास्त्रीय नावच मराठा प्रदेशावरून पडले आहे (जातिवाचक पद माहराटेन्सिस). तो कोरड्या झाडीतील मृत फांद्यांवर कीटक शोधतो व त्यांतच घरट्यासाठी भोक पाडतो. एकदा वापरून सोडलेले भोक पुढे रानचिमणी, चिरक, रामगंगा इ. पक्ष्यांच्या उपयोगी पडते. वाळलेली फांदी नसेल तर सुताराला भोक पाडता येत नाही, आणि भोक नसेल तर इतरांना घर मिळत नाही.

घरचिमणीचे माणसाशी नाते : घरचिमणी मुळात मानवी वस्तीतील पक्षी नव्हती. मध्य आशियातील बॅक्ट्रिॲनस ही तिची उपजाती आजही वस्तीपासून दूर, गवताळ व पाणथळ भागांत घरटी करते आणि हिवाळ्यात दक्षिणेस येते. ती धान्यावर अवलंबून नसते. या रानटी उपजातीची वस्तीतील चिमण्यांशी तुलना करणारा आनुवंशिक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वस्तीतील चिमण्यांमध्ये कवटीच्या घडणीशी आणि पिष्टमय पदार्थांच्या पचनाशी निगडित असलेल्या जनुकांत निवडीच्या खुणा आढळल्या. सु. १०–११ हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात शेती सुरू झाल्यावर धान्याची कठीण बी फोडणारी मजबूत चोच व पिष्ट पचविण्याची क्षमता असलेल्या चिमण्या वस्तीजवळ टिकल्या, असा त्याचा अर्थ लावला जातो. शेतीबरोबर ही चिमणी भारतात व पुढे माणसाने नेल्यामुळे अन्य खंडांतही पसरली. रानचिमणीने असे पाऊल उचलले नाही. ती माणसाच्या शेजारी येते, पण त्याच्या घरावर अवलंबून राहत नाही.

सहजीवन : दोन जाती अगदी एकाच प्रकारच्या खाद्यावर व जागेवर अवलंबून असतील, तर त्या एकत्र दीर्घकाळ टिकू शकत नाहीत आणि त्यांपैकी एक मागे हटते, असे गाउसे या रशियन शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये प्रयोगांच्या आधारे मांडले. नांदेड-लातूरच्या दोन चिमण्यांनी आपापली विभागणी तीन गोष्टींत केलेली दिसते. घरचिमणी धान्य खाते, तर रानचिमणी गवताचे बी, कीटक व मध खाते. घरचिमणी भिंतीतील भोकात राहते, तर रानचिमणी झाडातील भोकात. घरचिमणी वर्षभर वीण करू शकते, तर रानचिमणीचा हंगाम उन्हाळा व पावसाळ्याच्या आरंभापुरता असतो. ही विभागणी काटेकोर नाही. शेताच्या कडेच्या एखाद्या कडुलिंबाच्या ढोलीत घरचिमणीही शिरते आणि विजेच्या खांबावर दोघी एकाच भोकासाठी भांडू शकतात. ढोल्या मुबलक असतील तोवर अशा भांडणांचा परिणाम होत नाही. त्या कमी झाल्या म्हणजे माणसाच्या आश्रयाने संख्येने अधिक असलेली घरचिमणी, तसेच साळुंकी व पोपट यांसारखे बळकट पक्षी रानचिमणीवर मात करतात.

अभ्यासाचा इतिहास : भारतीय पक्षिशास्त्रात रानचिमणीला एक विशेष स्थान आहे. सलीम अली (१८९६–१९८७) यांनी लहानपणी हवेच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका असल्याने तिच्याविषयी त्यांना कुतूहल वाटले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना १८८३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठविले. तेथे संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती रानचिमणी असल्याचे ओळखले व मुलाला संस्थेचा पक्षिसंग्रह दाखविला. सलीम अलींच्या पक्षिशास्त्राकडे वळण्याचा आरंभ येथून झाला. त्यांचे १९८५ मध्ये प्रकाशित झालेले इंग्रजी आत्मचरित्र याच चिमणीच्या पतनावरून नाव घेते.

मराठवाड्याच्या दृष्टीने सलीम अलींचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. नांदेड जिल्हा व आजच्या लातूर जिल्ह्याचा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. (लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून निर्माण झाला.) १९३१-३२ मध्ये सलीम अलींनी या संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. तिचा वृत्तांत ह्यू व्हिसलर यांच्या टिपणांसह सोसायटीच्या नियतकालिकात १९३३-३४ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाला. दख्खनच्या या भागातील पक्ष्यांचा पद्धतशीर अभ्यास तेव्हापासून सुरू झाला.

बदलती परिस्थिती : मराठवाड्यातील जुनी घरे दगड व मातीच्या जाड भिंतींची आणि माळवदाची असत. तुळयांवर लाकडे टाकून त्यांवर पांढऱ्या मातीचा थर पसरीत. भिंतींतील देवळ्या, दगडांमधील सापटी, तुळयांची टोके यांत घरचिमणीला घरट्यासाठी असंख्य जागा मिळत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. जड माळवदांची व मातीत बांधलेल्या दगडी भिंतींची घरे कोसळल्याने प्राणहानी वाढली. त्यानंतर अनेक गावे नव्या जागी, भूकंपरोधक पद्धतीच्या घरांनी वसविण्यात आली. इतर गावांतही सिमेंटची घरे वाढली. माणसाच्या सुरक्षिततेसाठी हा बदल अपरिहार्य होता. मात्र सपाट, सांधे बुजविलेल्या भिंतीत चिमणीला जागा उरत नाही, हा त्याचाच एक परिणाम होय.

पीकपद्धतीतही बदल झाला आहे. पूर्वी ज्वारी हे या भागाचे मुख्य पीक होते. ज्वारीचे कणीस उघडे असते, तिची मळणी खळ्यावर होत असे आणि कडब्याच्या गंज्या वर्षभर उभ्या असत. यांतून चिमण्यांना दाणे व किडे मिळत. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सोयाबीनचे क्षेत्र झपाट्याने वाढले व लातूर ही त्याची एक मोठी बाजारपेठ बनली. शेंगेतील मोठा व टणक सोयाबीन दाणा चिमणीला खाता येत नाही. तणनाशकांमुळे बांधावरील गवताचे बी आणि कीटकनाशकांमुळे पिलांना लागणाऱ्या अळ्या कमी होतात. पहिल्या गोष्टीची झळ घरचिमणीला अधिक, तर बांधावरील गवत कमी झाल्याची झळ रानचिमणीला अधिक बसते.

रानचिमणीपुढील सर्वांत मोठा प्रश्न जुन्या झाडांचा आहे. बांधावरील बाभूळ व कडुलिंब लाकडासाठी, रस्तारुंदीसाठी किंवा यंत्राने नांगरण्यास अडथळा होतो म्हणून तोडले जातात. वाळलेली फांदी ही निरुपयोगी मानून सर्वांत आधी काढली जाते. मूळची अमेरिका खंडातील वेडी बाभूळ माळांवर व नदीकाठांवर पसरली आहे. ती काटेरी असल्याने रात्री बसण्यास उपयोगी पडते, परंतु सरपणासाठी वारंवार तोडली जात असल्याने तिच्यात ढोली होण्याइतके जाड खोड क्वचितच तयार होते. नव्या वृक्षलागवडीतील रोपांत ढोली तयार होण्यास कित्येक दशके लागतात. म्हणून एक जुने झाड तोडून दहा रोपे लावल्याने हिरवाई वाढली, तरी रानचिमणीचे घर परत मिळत नाही.

माळरानाकडे पाहण्याची प्रशासकीय दृष्टीही येथे विचारात घ्यावी लागते. केंद्र शासनाच्या भूसंसाधन विभागाने राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेच्या साहाय्याने पडीक जमिनींचा नकाशासंग्रह २००० मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. त्यात दाट व विरळ झुडपांची जमीन ही पडीक जमिनीचाच एक प्रकार म्हणून नोंदविलेली आहे. पडीक म्हटल्यावर तिचा काही ‘उपयोग’ करणे क्रमप्राप्त ठरते. मग तेथे दाट रोपवन, खाण, वसाहत किंवा सौर ऊर्जेचा प्रकल्प येतो. वस्तुतः विरळ झुडपे, गवत व तुरळक जुनी झाडे हे या हवामानातील एक पूर्ण विकसित परिसंस्थेचे रूप आहे. रानचिमणी, डोंबारी, चंडोल, खोकड, ससा यांसारखे प्राणी त्या विरळपणावरच जगतात. माळ दाट झाडांनी भरून काढणे हे त्यांच्या दृष्टीने अधिवास नष्ट करण्यासारखेच असते.

आर्थिक महत्त्व : ज्वारी दाण्यावर आली की चिमण्यांचे व भारीटांचे थवे शेतात उतरतात, म्हणून शेतकरी मचाण उभारून गोफणीने पाखरे राखीत. हे नुकसान खरे असले, तरी पिलांसाठी चिमण्या जे किडे व अळ्या टिपतात त्यांचा लाभही पिकाला मिळतो. या दुसऱ्या बाजूकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचे उदाहरण चीनमध्ये पाहावयास मिळाले. तेथे १९५८ पासून धान्य खातात म्हणून वृक्षचिमण्यांचा मोठ्या प्रमाणावर संहार करण्यात आला. पुढे पिकांवरील किडी वाढल्याने १९६० मध्ये चिमण्यांना उपद्रवी प्राण्यांच्या यादीतून वगळावे लागले.

संरक्षण : दोन्ही जाती जागतिक पातळीवर संकटग्रस्त नाहीत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्यांना किमान चिंतेच्या गटात ठेवले आहे. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार घरचिमणीची संख्या देशभरात स्थूलमानाने स्थिर असून मोठ्या महानगरांत मात्र ती घटली आहे. घरचिमणीविषयी जनजागृतीसाठी २०१० पासून दरवर्षी २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. सु. ३२ मिमी. व्यासाचे भोक असलेल्या लाकडी पेट्या सिमेंटच्या भिंतींवर सावलीत टांगल्यास घरचिमण्या त्यांत घरटी करतात. किल्लारी परिसरातील नव्या वसाहतींसारख्या ठिकाणी हा उपाय विशेष सोपा आहे.

रानचिमणीच्या बाबतीत पेट्यांपेक्षा झाडे राखणे अधिक परिणामकारक ठरते. बांधावरील जुनी झाडे व त्यांच्या वाळक्या फांद्या धोकादायक नसल्यास तशाच ठेवणे, शेताच्या कडेला बोराटीचे व हिवराचे कुंपण राखणे, बांधावरील गवताला बी धरू देणे आणि माळरानांवर दाट लागवड न करणे, हे उपाय खर्चिक नाहीत. गावाच्या सामाईक गायरानांतही ते अमलात आणता येतात. घरचिमणीला माणसाच्या घरात एक फट हवी असते व रानचिमणीला त्याच्या शेतातील झाडात एक ढोली. दोन्ही गोष्टी माणूस दुरुस्त करण्याजोगे दोष समजतो, आणि या दोन आप्त पक्ष्यांचे मराठवाड्यातील भवितव्य पुष्कळ अंशी त्याच्या या समजुतीवर अवलंबून आहे.